एक पावसाळा गेला की काळी माती बसते?

इंदूरला प्लॉट घेतला की हा सल्ला हमखास मिळतो: पाया भरा, एक पावसाळा जाऊ द्या, माती बसली की भिंती चढवा. जोत्यात भरलेल्या मुरमापुरतं हे थोडंफार खरं आहे. तिथेही १५-२० सेंमीचे थर, पाणी आणि धुम्मस जास्त भरवशाचे. खालच्या काळ्या मातीला मात्र हा हिशेब लागू नाही.

ओली चिकणमाती दबते ती कणांमधलं पाणी बाहेर गेल्यावर, आणि ते ढकलतो भार. नुसत्या पायाचा भार घराच्या मानाने किरकोळ. शिवाय लागणारा वेळ पाण्याच्या बाहेर पडायच्या वाटेच्या लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वाट दुप्पट तर वेळ चौपट, हे मृदा यांत्रिकीचे जनक कार्ल टेरझागी यांनी १९२५ मध्येच मांडलं. वर-खाली दोन्हीकडे निचरा असलेल्या थराला समजा तीन वर्षं लागली, तर तळाशी अभेद्य खडक असल्यास वाट दुप्पट होते आणि त्याच थराला बारा लागतील.

माळव्याच्या मातीचं दुखणं तर वेगळंच: ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, दरवर्षी. फुगणारी माती दाबून धरायला वजन नाही, म्हणून कुंपणाची हलकी भिंत घराच्या आधी तडकते.

तपासणी स्वस्त आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम, १०० मिलीच्या दोन मोजपात्रांत. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून बुडबुडे काढा, २४ तासांनी आकडे वाचा. रॉकेलमधली फुगत नाही. पाण्यातली तिच्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त भरली, तर उथळ पायाचा नाद सोडा. साडेतीन मीटर खोल, तळाशी दांड्याच्या अडीचपट रुंद फुगा असलेले पाइल (जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब) घ्या आणि त्यांच्यावरच्या बीमखाली मातीला फुगायला ८ सेंमी पोकळी ठेवा. मिस्त्री ती हमखास मातीने भरून टाकतो. तेवढं उभं राहून बघा.