मतदान केंद्रांची सुगम्यता

वृद्ध व अपंग मतदारांना मतदान केंद्रापर्यंत पोहोचता यावे, आत वावरता यावे आणि गुप्तता राखून, शक्यतो स्वतःच्या हाताने मत देता यावे, यासाठी केलेली रचना व व्यवस्था. या विषयाची चर्चा बहुधा रॅम्पपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. खरी कसोटी मतदान कक्षात लागते.

बहुतेक केंद्रे शाळा किंवा सभागृहांत, म्हणजे दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या इमारतींत, एका दिवसापुरती थाटली जातात. रॅम्पचा चढ साधारणपणे १:१२ पेक्षा (म्हणजे उंचीच्या बारा पट लांबी) तीव्र नसावा असे मानतात. प्रत्येकी १५ सेंमी.च्या तीन पायऱ्या असतील, तर या हिशेबाने रॅम्प ५.४ मी. लांब हवा. ऐनवेळी टेकवलेल्या आखूड फळीवरून व्हीलचेअर चढवणे अवघड आणि उतरवणे त्याहून धोक्याचे. कठडा, रांगेत बसायला खुर्च्या, मोठ्या अक्षरांतल्या पाट्या आणि व्हीलचेअरवरून हात पोहोचेल अशा उंचीचे टेबल या गोष्टींना फारसा खर्च नाही; तरी राहून जातात त्या याच.

अमेरिकेने १९८४ मध्ये संघीय निवडणुकांसाठी सुगम्य केंद्रे बंधनकारक केली. २००२ च्या कायद्याने प्रत्येक केंद्रावर अपंगांना स्वतंत्रपणे वापरता येईल अशी किमान एक मतदान यंत्रणा आवश्यक ठरवली. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराच्या कलम २९ मध्ये गुप्त मतदानाचा आणि मदतनीस स्वतः निवडण्याचा हक्क नमूद आहे. भारतात २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या कलम ११ नुसार केंद्रे सुगम्य ठेवण्याची जबाबदारी निवडणूक आयोगांवर आहे.

दृष्टिहीनांच्या बाबतीत गुप्ततेचा प्रश्न सर्वांत बिकट. भारतीय मतदान यंत्रावर बटणांशेजारी ब्रेलमध्ये अनुक्रमांक असतात, नावे नसतात. कोणत्या क्रमांकावर कोण, हे ब्रेल मतपत्रिका चाचपून आधी पाहून घ्यावे लागते. उतारवयात दृष्टी गेलेल्यांना ब्रेल येत नाही, त्यांना याचा काय उपयोग? शिवाय व्हीव्हीपॅटची (मत कुणाला गेले ते छापून दाखवणाऱ्या जोडयंत्राची) चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती पाहू शकणाऱ्यालाच. नियमानुसार १८ वर्षांवरील सोबती नेता येतो. त्याने गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र द्यायचे असते आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा सोबती व्हायचे नसते. इंग्लंडमध्ये मतपत्रिकेवर बसवायची स्पर्शपट्टी वापरात होती. तिच्यावरून केवळ चौकटींची जागा कळे, उमेदवारांची नावे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत. २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ही तरतूद बेकायदेशीर ठरवली.

घरून मतदान हा दुसरा मार्ग. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदारांना नमुना १२ड भरून टपाली मतपत्रिका घरी मिळण्याची सोय होती. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती मोलाची आहे. पण ती ऐच्छिक आहे, आणि केंद्रावर येऊ इच्छिणाऱ्याला ‘घरूनच द्या’ असे सुचवण्याचे निमित्त ती ठरू नये, असा अपंग हक्क चळवळीतील अनेकांचा आग्रह असतो.