विकिरणाचा कांदा किरणोत्सारी होतो?

‘किरण मारलेला कांदा खाल्ला की कॅन्सर होतो’, ही आवई नाशिककडे अधूनमधून उठतेच. लासलगावला २००२ पासून विकिरण केंद्र आहे; कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून तिथे त्यावर किरण मारतात. तिथले कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे गॅमा किरण कांद्यातून आरपार जातात, मागे किरणोत्सार उरत नाही. एक्स-रे काढलेला माणूस कुठे किरणं सोडत फिरतो?

कांदा उभा चिरा. बुडाच्या चकतीवर, मधोमध इवलासा कोंब दिसेल. खरा परिणाम तिथे होतो. किरणांनी कोंबातल्या पेशीच्या डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पेशी विभाजन रोखते आणि आधी डागडुजीला लागते. मोडतोड आवाक्याबाहेर असेल तर विभाजन कायमचंच थांबतं, मोड येत नाहीत. असा कोंब पुढे काळपट पडतो. ते विष नव्हे. सडणं मात्र याने थांबत नाही, कांदाचाळीत हवा खेळती लागतेच.