मुलांची मतपेटी आणि वर्तमानपत्र: अमेरिकेतल्या ‘किड्स व्होटिंग’ उपक्रमाची पार्श्वभूमी

अमेरिकेत ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे अंक १९३०च्या दशकातच शाळांच्या वर्गांत जाऊ लागले होते. पुढे इतर दैनिकांनीही तेच केले. सुट्टीवर निघालेले वर्गणीदार त्या दिवसांचे आपले अंक शाळेला देत, कुठे स्थानिक व्यापारी पैसे भरत. वृत्तपत्रांचा स्वार्थही होताच. उद्याचा वाचक घडत होता आणि असे अंक खपातही मोजता येत. नुसते गठ्ठे टाकले, तासाची आखणी दिली नाही, की ते वर्गाच्या कोपऱ्यात पडून राहत.

शाळेतल्या निवडणुकीची गोष्ट वेगळी. शालेय नियतकालिके काढणाऱ्या ‘स्कोलॅस्टिक’ प्रकाशनाने १९४०पासून विद्यार्थ्यांचे लुटुपुटूचे अध्यक्षीय मतदान घेतले. १९४८ आणि १९६० सोडले तर विसाव्या शतकात मुलांचा कौल दर वेळी खरा ठरला. याचे कौतुक बेताने करावे. मुले बरेचदा घरचेच मत शाळेत आणतात.

हा प्रवाह उलटा वळवला तो ‘किड्स व्होटिंग’ने. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातले तिघे जण मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाला मासेमारीसाठी गेले होते. तिथे तेव्हा मतदान ८० टक्क्यांच्या पुढे जाई आणि मुले आईवडिलांबरोबर केंद्रावर जात, हे त्यांनी ऐकले. (तिथे मतदान कायद्याने कर्तव्य आहे, ही बाब या गोष्टीत सहसा गळते.) १९८८मध्ये ॲरिझोनात पहिला प्रयोग झाला. मुलांनी आधी काही आठवडे वर्गात बातम्या, जाहिराती आणि उमेदवारांचे दावे ताडून पाहायचे, घरी त्यावर प्रश्न विचारायचे आणि मतदानाच्या दिवशी पालकांबरोबर खऱ्या केंद्रावर जाऊन वेगळ्या कक्षात मत द्यायचे. मतपत्रिकेवर नावे मोठ्यांच्याच निवडणुकीतली. मोजणी स्वयंसेवकांची, निकाल स्थानिक माध्यमांत.

स्टीव्हन चॅफी आणि मायकेल मॅकडेविट या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे १९९४च्या निवडणुकीवेळी या अभ्यासक्रमाचा परिणाम तपासला. मुले बातम्या वाचून घरी बोलू लागली, तसे पालकही बातम्यांकडे वळले. कमी उत्पन्नाच्या घरांत हा फरक विशेष दिसला. म्हणजे खरे काम मतपेटीपेक्षा जेवणाच्या टेबलावर झाले होते.

अडचण आली ती दोन बाजूंनी. दैनिकांचे उत्पन्न आटले, तसा शाळांसाठीचा हात आखडला. शिवाय टपाली मतदान वाढले. कोलोरॅडो राज्यात २०१३च्या कायद्यानंतर प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला मतपत्रिका घरपोच मिळते. मग पालकांबरोबर जायचे कुठे?

भारतात हा साचा जसाच्या तसा बसत नाही. १९६१च्या निवडणूक नियमांनुसार मतदाराबरोबर आलेल्या मुलांपैकी फक्त कडेवरच्या मुलाला केंद्रात प्रवेश आहे. निवडणूक आयोगाने २०१८मध्ये सुरू केलेली मतदार साक्षरता मंडळे म्हणूनच शाळेच्या आवारात चालतात, आणि घरी जाते ते मतदान करू असे सांगणारे, पालकांनी सही करायचे संकल्पपत्र. त्यावर सही मिळते, पण उमेदवाराबद्दलची बातमी समोर ठेवून प्रश्न विचारायची जागा त्या कागदात नसते.