पेशीपटल

पेशीपटल : सजीव पेशीतील द्रव्य आणि पेशीबाहेरचा परिसर यांच्यामधली, मेदद्रव्ये व प्रथिने यांची बनलेली लवचिक सीमा. जाडी साधारण ५ ते १० नॅनोमीटर. एक मिलिमीटर भरायला अशी लाखभर पटले एकावर एक रचावी लागतील. वनस्पती, कवके आणि बहुतेक जीवाणू यांच्यात पटलाबाहेर टणक पेशीभित्ती असते, प्राणिपेशीत मात्र पटल हीच शेवटची हद्द. पटलाला पेशीची पिशवी म्हणण्याची सवय आहे, पण ती उपमा अपुरी पडते. पिशवी फक्त धरून ठेवते. पटल निवड करते, ऊर्जा खर्च करून पदार्थ उलट्या दिशेने ढकलते आणि बाहेरचा निरोप आत पोचवते.

संज्ञा : वाईहून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात ‘कोशिका’ आणि ‘तर्षण’ हे शब्द रूढ झाले, शालेय पाठ्यपुस्तकांनी ‘पेशी’ आणि ‘परासरण’ (पटलातून पाण्याचे विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाणे) स्वीकारले. दोहोंच्या अर्थामध्ये फरक नाही. शाळेपासून कानावर पडलेले शब्द म्हणून येथे दुसरी जोडी वापरली आहे. ‘पेशीभित्ती’ आणि ‘पेशीपटल’ यांत मात्र गल्लत होता कामा नये. वनस्पतीची भित्ती हे सेल्युलोज व पेक्टिन यांचे सच्छिद्र कुंपण असून मीठ-साखरेचे कण तिच्यातून सहज ये-जा करतात. अडवणूक होते ती पटलापाशी.

घडण : पटलाचा गाभा म्हणजे फॉस्फोलिपिडांचा दुहेरी थर. प्रत्येक रेणूला पाण्याकडे ओढले जाणारे डोके आणि पाणी टाळणाऱ्या दोन शेपट्या असतात. शेपट्या आत एकमेकींकडे आणि डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे, अशी रचना पाण्यात आपोआप होते. शेपट्यांत बहुधा १६ ते १८ कार्बन अणू असतात. जिथे दुहेरी बंध येतो तिथे शेपटीला बाक पडतो, रेणू दाटीने बसत नाहीत आणि थर प्रवाही राहतो. थंडीत वनस्पती असे बाकदार रेणू वाढवतात. प्राणिपटलात कोलेस्टेरॉल, तर वनस्पतीत मुख्यतः सिटोस्टेरॉलसारखी स्टेरॉले हा प्रवाहीपणा आवरून धरतात. थराच्या पातळीत रेणू सेकंदाला मायक्रोमीटरभर सरकतात, पण एका थरातून समोरच्या थरात आपण होऊन उलटायला त्यांना तास किंवा दिवस लागतात. प्रथिनांचे प्रमाण पटलाच्या कामानुसार बदलते : चेतातंतूंभोवतीच्या मायलिनमध्ये वजनाने पाचव्या हिश्श्याच्या आसपास, तर तंतुकणिकेच्या (पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या कप्प्याच्या) आतल्या पटलात सुमारे तीन-चतुर्थांश.

इतिहास : पेशीपटल कोणी शोधले, याला एका नावात उत्तर नाही. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेले बुचातील कप्पे हे मेलेल्या पेशींच्या भित्ती होत्या; पटलाचे श्रेय त्यांना देता येत नाही. जखमी वनस्पतिपेशीत रंग शिरतो आणि धडधाकट पेशीत शिरत नाही, हे कार्ल फोन नेगेली यांचे निरीक्षण १८५५ च्या सुमाराचे. व्हिल्हेल्म फेफर यांनी १८७७ मध्ये परासरणाच्या मोजमापांवरून, डोळ्यांना न दिसणारे पटल असलेच पाहिजे असे मांडले. त्यानंतर अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी १८९५ पासून पुढे शेकडो पदार्थ तपासून दाखवले की जो पदार्थ तेलात जितका विरघळतो, तितका तो पेशीत लवकर शिरतो. पटल मेदाचे असावे या कल्पनेची सुरुवात इथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

थर दुहेरी असल्याचा पहिला पुरावा म्हणून एव्हर्ट गॉर्टर व एफ. ग्रेंडेल यांचा १९२५ मधला प्रयोग सांगितला जातो. मनुष्य, कुत्रा, ससा, मेंढी अशा प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशींतील मेद त्यांनी अ‍ॅसिटोनने काढला, पाण्यावर एकपदरी पसरला आणि त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले असे नोंदवले. तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नाही, आतली पटलेही नाहीत; त्यामुळे सगळा मेद बाहेरच्याच पटलाचा, हा त्यांचा आधार अचूक होता. मोजणीत मात्र दोन चुका झाल्या. अ‍ॅसिटोनने सगळा मेद निघत नाही. शिवाय मानवी पेशीचे क्षेत्रफळ त्यांनी सुमारे १०० चौ. मायक्रोमीटर धरले, ते प्रत्यक्षात १४० च्या आसपास आहे. दोन्ही आकडे कमी पडल्याने गुणोत्तर दुपटीवर येऊन थांबले. १९६० च्या दशकात हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा दिसले की पाण्यावरचा थर किती दाबला आहे त्यावर गुणोत्तर बदलते, आणि दाटीच्या अवस्थेत ते दोनपेक्षा बरेच कमी येते. उरलेली जागा प्रथिनांची. म्हणजे निष्कर्ष बरोबर, पण त्याकडे नेणारी बेरीज सदोष. १९२५ मध्येच ह्यूगो फ्रिके यांनी रक्तपेशींच्या विद्युतधारकतेवरून ३.३ नॅनोमीटर जाडी काढली. आजच्या मोजमापानुसार पटलाच्या मेदमय गाभ्याची जाडी याच्या जवळ आहे, तरी दुहेरी थराचा निष्कर्ष फ्रिके यांनी काढला नाही. पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव क्वचितच येते. पद्धतीच्या शिस्तीत त्यांचे काम सरस होते.

डॅनिएली व डेव्हसन (१९३५) यांनी मेदाच्या दोन्ही अंगांना प्रथिनांचे लेप कल्पिले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्टसन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात गडद-फिकट-गडद अशा तीन रेघा, एकूण सुमारे ७.५ नॅनोमीटर, दिसल्या आणि त्यांनी ही सर्व पटलांची समान घडण मानली. मग फ्राय व एडिडिन यांनी १९७० मध्ये उंदराची व माणसाची पेशी जोडली. दोन्हींची पटल-प्रथिने ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ४० मिनिटांत एकमेकांत मिसळून गेली. गोठलेल्या लेपाची कल्पना तिथे टिकेना. प्रवाही मेदथरात प्रथिने विखरून तरंगतात, ही सिंगर व निकोल्सन यांची द्रव-मोझेक संकल्पना (१९७२) आजही मूळ चौकट म्हणून मान्य आहे. पटलात कोलेस्टेरॉलने समृद्ध असे छोटे ‘तराफे’ तरंगतात, हे सायमन्स व इकोनेन यांचे मत (१९९७) कृत्रिम पटलांत चांगले सिद्ध होते. जिवंत पेशीत ते किती मोठे आणि किती काळ टिकतात यावर एकमत नाही. पटलावरील पंपाची गरजच नाही, पेशीतले पोटॅशियम प्रथिनांना बांधलेले असते, असे गिल्बर्ट लिंग मांडत (१९६२). पण येन्स स्कू यांनी १९५७ मध्येच खेकड्याच्या चेतांतून सोडियम-पोटॅशियम पंपाचे विकर वेगळे दाखवले होते, त्यामुळे हे मत मागे पडले.

ये-जा : ऑक्सिजन व कार्बन डाय-ऑक्साइड थरातून थेट पार होतात. सोडियमसारख्या आयनांना हा थर जवळजवळ बंद; पाण्याच्या तुलनेत त्यांची गती अब्जपटीने किंवा त्याहूनही कमी. पाणी थोडे थेट झिरपते, बाकीचे अ‍ॅक्वापोरीन या प्रथिनांच्या वाटेने. पीटर अ‍ॅग्रे यांनी १९९२ मध्ये उलगडलेल्या या एका वाटेतून सेकंदाला अब्जावधी रेणू जातात. प्राणिपेशीतला पंप एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या एका रेणूच्या खर्चात तीन सोडियम बाहेर व दोन पोटॅशियम आत नेतो. वनस्पतीत हा पंप नाही. तिथे प्रोटॉन बाहेर ढकलून पटलावर साधारण उणे १२० ते उणे २०० मिलिव्होल्टचा भेद उभा केला जातो आणि मुळे त्याच्या जोरावर पोटॅशियम, नायट्रेट ओढतात.

परासरण पाहण्याची कृती : शाळा-महाविद्यालयात ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाचा जांभळा खालचा पापुद्रा किंवा लाल कांद्याच्या पाकळीचा बाहेरचा पापुद्रा घेतात. पान तिरके फाडले की कडेला पारदर्शक पट्टी सुटते; ती ५ मिलिमीटर कापून पाण्याच्या थेंबात ठेवावी व काचपट्टीवरचे झाकण तिरके टेकवून सोडावे. एका कडेने ३ टक्के मिठाचे पाणी घालून दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्यावे. काही मिनिटांत जांभळा भाग भित्तीपासून सुटून आकसतो, हा रससंकोच. इथे जो रंगीत गोळा दिसतो तो खरे तर रिक्तिकेचा (पेशीतील रसाने भरलेल्या मोठ्या कप्प्याचा) असतो, रंग तिच्यातच असतो. पेशीपटल तिच्याबाहेर, पातळ पेशीद्रव्यासह आत आलेले असते. मग साधे पाणी घालावे. गोळा फुगून पूर्ववत झाला तर पेशी जिवंत. रस किती दाट आहे हे काढायचे तर ०.१ ते ०.६ मोलर साखरेची द्रावणे करून ज्यात निम्म्या पेशी नुकत्या आकसतात ते द्रावण पकडावे. एक मोलरसाठी ३४२ ग्रॅम साखर, द्रावण एक लिटर.

फसते ते बहुधा तीन ठिकाणी. पापुद्र्याला गर चिकटला तर थरांवर थर दिसतात. मिठाचे पाणी १० टक्के वगैरे कडक घेतले, किंवा पापुद्रा त्यात तासभर राहिला, तर पटल मरते आणि रंग सर्वत्र पसरतो. तो रससंकोच नव्हे. आणि आकसलेल्या पेशीवर एकदम साधे पाणी ओतले तर पटल ताण न सोसून फाटते. दीड टक्क्याचे द्रावण मध्ये घ्यावे.

आतील पटले आणि बेदाणा : पेशीच्या आतही पटलांनी वेगळे केलेले कप्पे असतात : केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, लवके, रिक्तिका. या विभागणीचे मोल सांगली जिल्ह्यात तासगाव, मिरज, कवठे महांकाळ भागात बेदाण्याच्या शेडवर दिसते. द्राक्षमण्यातली फिनॉल द्रव्ये रिक्तिकेत आणि ती तपकिरी करणारे विकर लवकांत असते. पटले शाबूत तोवर दोघांची गाठ पडत नाही. मणी चिरडला, तापला किंवा सडला की रंग गेला.

द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून शंभर लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट व दीड लिटर डिपिंग ऑइल, ज्यात मुख्यतः इथाइल ओलिएट असते, मिसळून घड दोन ते चार मिनिटे बुडवतात. द्रावणाचा सामू ११ च्या आसपास लागतो. फुटक्या मण्यांचा आंबट रस मिसळत गेला की सामू उतरतो, म्हणून तेच द्रावण दिवसभर ओढू नये. द्रावण मण्याच्या सालीवरचे मेण विरघळवते अशी समजूत सर्रास आढळते. ऑस्ट्रेलियातील अभ्यासांतून मात्र दिसते की मेणाचे एकावर एक बसलेले पापुद्रे जागेवरच राहतात, फक्त त्यांच्यामधून पाणी जाऊ लागते. मणी धुतला तर हा परिणाम बराचसा उलटतो. हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण वाळत्या घडांवर पाऊस आला की वाळणे मंदावते हा शेडवरचा अनुभव त्याच्याशी जुळतो. सावलीत रॅकवर साधारण दोन आठवड्यांत ओलावा १४ ते १६ टक्क्यांवर येतो. गंधकाची धुरी विकराला रोखते, फुटलेले पटल सांधत नाही. तडकलेले मणी आधीच काढणे श्रेयस्कर.

हळद : इथे उलट, पटल फोडायचे असते. कुर्कुमिन हे पिवळे रंगद्रव्य हळकुंडातल्या विखुरलेल्या तेलपेशींत असते. शिजवताना ५५ ते ६० अंशांच्या पुढे पटले मोडतात व रंग सगळ्या गरात भिनतो. पेशीत अडकलेले पाणीही मोकळे होते, म्हणून शिजवलेली हळद कच्च्या हळदीपेक्षा लवकर वाळते. काहिलीत पांढरा फेस व विशिष्ट वास येईपर्यंत, सुमारे ४५ ते ६० मिनिटे, शिजवून काडी टोचून पाहतात. काडी मऊ जाणे हे पटल मोडल्याचे लक्षण नव्हे, ते आधीच घडलेले असते. ती पिष्ट शिजल्याची व भित्तीतले पेक्टिन सैलावल्याची खूण. लहान बोटे आणि जाड गड्डे एकत्र शिजवले तर बोटे गळतात आणि गड्ड्याचा गाभा कच्चा राहतो, म्हणून प्रतवारी आधी करावी.

क्षारपड जमीन : वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनी अतिपाण्याने व निचऱ्याअभावी क्षारपड झाल्या. संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात, पण ऊस साधारण १.७ पासून व द्राक्ष १.५ पासूनच मागे पडू लागते. क्षारामुळे मुळाला पाणी ओढणे जड जाते, ही पहिली अडचण. दुसरी पटलाचीच : पटलाच्या बाह्यांगावर फॉस्फोलिपिडांना बांधून ठेवणारे कॅल्शियम सोडियम हुसकावते, पटल गळू लागते व आतले पोटॅशियम बाहेर जाते. कॅल्शियम पुरेसे असेल तर मुळे सोडियम-पोटॅशियममधला भेद पाळतात, हे इमॅन्युएल एपस्टाइन यांनी १९६१ मध्ये दाखवले. चोपण (सोडियम वाढलेल्या) जमिनीत जिप्सम उपयोगी पडते ते मातीची घडण सुधारते म्हणून आणि याही कारणाने. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत मात्र निचरा करणे आणि क्षार पाण्याने धुऊन काढणे हाच उपाय. तिथे माती परीक्षण न करता जिप्सम टाकणे म्हणजे क्षारात भर.

थंडी : महाबळेश्वरला वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठतात तेव्हा स्ट्रॉबेरीच्या पानात बर्फ आधी पेशींबाहेरच्या पोकळीत धरतो. तो आतले पाणी ओढून घेतो, आकसलेले पटल विस्कटते, आणि उन्हाने बर्फ वितळल्यावर रस गळून पान काळे पडते.

कास पठारावरील सीतेची आसवे (युट्रिक्युलॅरिया) या कीटकभक्षी वनस्पतींच्या फुग्यांत पटलावरचे पंप आयन बाहेर टाकतात, पाणी त्यामागे जाते आणि आत वातावरणापेक्षा कमी दाब तयार होतो. झडप उघडताच भक्ष्य मिलिसेकंदांत आत खेचले जाते. ही मोजमापे बहुतांशी पाण्यात तरंगणाऱ्या जातींवरची आहेत, पठारावरच्या जाती ओल्या मातीत वाढतात.