डबा लावताय? आधी गाठ कुठे होती ते सांगा

परळला पेशंटसाठी डबा लावायला येणारे बरेच जण "पोटाचं ऑपरेशन झालंय" एवढंच सांगतात, पण तेवढ्यावर आमचं किचन चालत नाही हो. जठराची पिशवी वर अन्ननलिकेला आणि खाली लहान आतड्याला जोडलेली, आणि कॅन्सरची गाठ त्यात कुठे होती त्यावर त्रास, ऑपरेशन, नंतरचं खाणं सगळंच बदलतं.

गाठ खालच्या टोकाला असली की पुढची वाट अडते, दोन घासात पोट गच्च होतं, सकाळचा भात रात्री उलटीत तसाच्या तसा पडतो. यात खालचा मोठा भाग काढतात आणि वरचा तुकडा ठेवतात. गाठीच्या कडेने पुरेसा चांगला भाग मिळत असेल तर अख्खी पिशवी काढून आयुष्य वाढत नाही, त्यामुळे "डॉक्टर, सगळंच काढून टाका ना" असा हट्ट घरच्यांनी धरू नये असं आपलं आमचं मत.

वरच्या तोंडाशी असली तर चपाती-भाकरी छातीत अडकते, पाण्याच्या घोटाने ढकलावी लागते, आणि लोक ॲसिडिटी समजून गोळ्या खात महिने काढतात. म्हणूनच या गाठी बऱ्याचदा उशिरा सापडतात आणि एकंदरीत जरा जास्त त्रासदायक निघतात, अर्थात स्टेज काय आणि आजूबाजूच्या लिम्फ नोडमध्ये (शरीराचं संरक्षण करणाऱ्या छोट्या ग्रंथींत) कॅन्सर पसरलाय का हे त्याहून महत्त्वाचं. इथे बहुतेकदा पूर्ण पिशवी काढून अन्ननलिका थेट आतड्याला जोडतात. तो जोड लीक होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला तोंडाने काय द्यायचं ते फक्त सर्जन ठरवणार, आमचा डबा त्यानंतर.

पूर्ण काढली असेल तर साठवायला जागाच नाही, म्हणून आम्ही दिवसाचं जेवण सहा छोट्या डब्यांत देतो: मऊ खिचडी, मुगाचं धिरडं, उकडलेलं अंडं, दही. पाणी जेवणासोबत नाही, अर्ध्या तासाने. शिरा नि गुळाचं काही मागू नका, गोड एकदम आतड्यात उतरलं की घाम फुटतो, धडधडतं, चक्कर येते. बी १२ चं इंजेक्शन मात्र कायमचं, ते डब्यातून भरून निघत नाही. अर्धी काढलेल्यांनाही सुरुवातीला हेच, पण हळूहळू डबे कमी करता येतात.

ऑर्डर देताना डिस्चार्ज कार्डचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, नसेल तर "अर्धी की पूर्ण" एवढं तरी डॉक्टरांना विचारून कळवा.