दवणा : सीमाभागातली लागवड, काढणी आणि तेल

दवणा हे सूर्यफुलाच्या कुळातलं (ॲस्टेरेसी) एक वर्षायू सुगंधी रोप, उंची साधारण 40 ते 60 सेंमी, शास्त्रीय नाव आर्टेमिसिया पॅलेन्स, कन्नडमध्ये दवन. पानं बारीक चिरलेली आणि त्यावर राखाडी-पांढरट लव असते, फुलं म्हणजे बारीक पिवळी गोंड्यासारखी स्तबकं, मधली पुष्पकं द्विलिंगी आणि कडेची फक्त स्त्रीलिंगी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात हार-वेणीतला आणि देवाला वाहायचा दवणा सगळ्यांच्या ओळखीचा आहे त्यामुळं त्याबद्दल इथं फार लिहिलेलं नाही. ही नोंद आहे ती छोट्या प्लॉटवर दवणा लावून त्याचं तेल काढण्याबद्दल, आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी की देवाचा दवणा आणि तेलाचा दवणा हे झाड एकच असलं तरी पीक म्हणून दोन वेगळी आहेत. पेरायची वेळ, कापायची वेळ, कशासाठी कापायचं, सगळंच वेगळं. जुन्या लिखाणात हे दोन्ही एकत्र करून टाकलंय आणि त्यातनंच बरेच गैरसमज झालेत.

ओळख आणि मूळ :

शास्त्रीय नावाच्या मागं कुणाचं नाव लावायचं इथपासनंच दोन पद्धती दिसतात, काही पुस्तकांत बेसर असं छापलेलं असतं आणि काहींत वॉलिच व द कांदॉल. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनियल वॉलिच यांच्या सुक्या नमुन्यांच्या संग्रहातनं हे नाव आलं. विलिबाल्ड बेसर हे त्या काळी आर्टेमिसिया वंशाचे मोठे जाणकार, म्हणून त्यांचं नाव जोडलं गेलं असावं. पण हे नाव स्वीस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदॉल यांच्या प्रोड्रोमस या वनस्पतींच्या मोठ्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात (1838) छापलेलं मिळतं, आजच्या बहुतेक याद्या तेच धरतात आणि इथंही तेच धरलंय.

त्याआधीचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. अग्निपुराणात दमनकारोपणाचा, म्हणजे देवाला दमनक (दवण्याचं संस्कृत नाव म्हणून हे धरतात) वाहण्याचा विधी दिलाय, शिवाच्या कोपातनं भैरव झाला, त्यानं देवांना दमवलं, मग शिवाच्या शापानं तो झाड झाला अशी कथा तिथं येते. या पुराणाचा काळ साधारण आठव्या ते अकराव्या शतकाच्या दरम्यान धरतात, मागंपुढं ओढणारेही आहेत. पुढं धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत चैत्र शुद्ध पक्षातल्या वेगवेगळ्या तिथींना वेगवेगळ्या देवांना दमनक वाहायचं सांगितलंय, त्यात चतुर्दशी शिवाची. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात दमनक पुष्पवर्गात घेतलाय.

आता हा दमनक म्हणजे आजचा दवणाच का, यावर एकमत नाही. काही वैद्यक लेखक दमनक म्हणजे ढोरदवणा (आर्टेमिसिया नीलगिरिका, जुन्या पुस्तकांत व्हल्गॅरिस) असं मानतात, कारण तो डोंगरात आपोआप वाढतो, कडू असतो आणि औषधाच्या वर्णनाशी बऱ्यापैकी जुळतो. दुसरी बाजू अशी की भावप्रकाशानं त्याला रानटी औषधांत न टाकता सुगंधी फुलांच्या वर्गात बसवलंय, विधीत मान आहे तो वासाला, आणि दख्खनमध्ये आजही चैत्रात देवाला जो वाहतात तो पॅलेन्सच, ढोरदवणा कुणी वाहत नाही. चालू परंपरेचा पुरावा दर वेळी मागं खेचता येत नाही हे खरं, तरी दुसरी बाजू जास्त पटण्यासारखी वाटते. मरव्याशी घोटाळा मात्र करू नये, दवणा-मरवा अशी जोडी बोलण्यात सारखी येते पण मरवा तुळशीच्या कुळातला.

मूळ ठिकाणाबद्दलही तसंच. आर्टेमिसिया वंशाच्या जाती मध्य आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या थंड भागात सगळ्यात जास्त, त्यामुळं दवणा कधीतरी वायव्येकडनं आला असावा असा एक अंदाज आहे. पण व्यापारी प्रमाणात तो पिकतो तो दक्षिण भारतात, आणि जगातलं जवळजवळ सगळं दवण्याचं तेल इथलंच, म्हणून बहुतेक लेखक त्याला दक्षिणेचाच मानतात.

देवाचा दवणा :

चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीला जोतिबाची यात्रा भरते, सासनकाठ्या, गुलाल-खोबरं आणि दवणा. बेळगाव भागातले लोक पिढ्यान् पिढ्या या यात्रेला जातात. त्याच पौर्णिमेला कन्नडमध्ये दवनद हुण्णिमे (दवण्याची पौर्णिमा) म्हणतात आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला गर्दी होते, म्हणजे एकाच जिल्ह्यातले लोक एकाच दिवशी उत्तरेला आणि पूर्वेला दोन देवांकडं निघतात आणि दोन्हीकडं दवण्याला मान. हे सीमाभागाचं खास आहे आणि त्याची नोंद व्हायला पाहिजे, कारण भाषेवरनं दोन परंपरा वेगळ्या मांडल्या जातात आणि दोघींच्या हातातली जुडी एकच असते हे राहून जातं.

पिकाच्या दृष्टीनं अडचण अशी की ही पौर्णिमा मार्चच्या शेवटापासनं एप्रिलच्या शेवटापर्यंत कधीही येते, आणि तेलाचा दवणा तोवर कापून झालेला असतो. यात्रेसाठी किंवा हारासाठी दवणा हवा तर उशिरा किंवा टप्प्याटप्प्यानं पेरावं लागतं, तिथं कोवळी हिरवी पानं आणि जुडीचा डौल महत्त्वाचा. असा उन्हाळ्यात वाढलेला दवणा वासाला बरा लागतो पण भट्टीत घातला तर तेल कमीच निघतं. घरचा दवणा इतका वास मारतो म्हणजे तेलही भरपूर असेल, हा हिशोब जमत नाही तो म्हणून.

जमीन, हवा आणि रोपं :

बेळगाव जिल्हा म्हणजे एक हवामान नाही. खानापूरकडं सह्याद्रीचा पाऊस आणि तांबडी जांभ्याची जमीन, बेळगावच्या आसपास येळ्ळूर-वडगाव-शहापूरच्या शिवारात भाताची भारी जमीन, अथणी-रायबागकडं पाऊस कमी आणि काळी जमीन, पाणी कृष्णेचं. दवण्याला पाणी धरून न ठेवणारी, सेंद्रिय खत भरपूर असलेली मध्यम जमीन लागते, त्यामुळं तांबडी पोयट्याची जमीन सगळ्यात सोपी आणि भाताचं भारी वावर सगळ्यात अवघड, तिथं गादीवाफे उंच करावेत आणि चर काढावेत. हवेचं मात्र इथं चांगलं जमतं, बेळगाव समुद्रसपाटीपासनं साधारण 750 मीटरवर, डिसेंबर-जानेवारीत रात्री गार, पहाटे दव आणि पाऊस नाही, दवण्याला हेच पाहिजे. फुलावर असताना जोराचा पाऊस किंवा एकदम उष्मा आला की तेल घटतं.

बी अगदी बारीक, हेक्टरी साधारण दीड किलो, म्हणजे गुंठ्याला 15 ग्रॅम. ओल्या फडक्यात बांधून दोन दिवस ठेवतात आणि वाळूत मिसळून गादीवाफ्यावर टाकतात, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासनं नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. 3-4 दिवसांत उगवतं. या काळात दोन धोके, एक मुंग्या, त्या बी उचलून नेतात, आणि दुसरा रोपं कोलमडायचा रोग, जो जास्त पाण्यानं येतो, म्हणून झारीनं हलकं पाणी द्यायचं आणि वाफ्यात पाणी साचू द्यायचं नाही. भात नोव्हेंबरात निघतो आणि रोपं तेव्हा महिन्याभराची होऊन लावायला तयार होतात, हे वेळापत्रक इथल्या शेताला छान बसतं.

लावताना ओळीत 15 सेंमी आणि रोपात साडेसात सेंमी अंतर सांगितलेलं असतं, हिशोब केला तर एका गुंठ्यात जवळपास 9,000 रोपं होतात. म्हणजे प्लॉट छोटा दिसला तरी मजुरी छोटी नाही. खरं काम लावणीत आणि पहिल्या दोन खुरपणीत आहे, पुढं पीक जमीन झाकून टाकतं. नत्र हप्त्यानं द्यावं, किड-रोग फार नाही, मावा कधी कधी येतो.

काढणी :

पेरल्यापासनं साधारण चार महिन्यांनी, फेब्रुवारीच्या सुरुवातीपासनं मार्चच्या मध्यापर्यंत, बरीचशी स्तबकं उमलली की कापायचं. तेल पानात असतं, खोडात जवळजवळ नसतं आणि फुलात सगळ्यात जास्त असतं, त्यामुळं कळीत कापलं तरी नुकसान आणि बी धरल्यावर कापलं तरी नुकसान. जमिनीपासनं थोडं वर कापावं, म्हणजे माती आणि लाकडासारखं खोड भट्टीत जात नाही. खोडव्याला (कापल्यावर उरलेल्या बुंध्याला) फूट येते पण त्याचं तेल कमी. कापलेला माल सावलीत पातळ पसरून दोन-तीन दिवसांपासनं आठवड्यापर्यंत सुकवतात. ढीग घालून ठेवला तर आतनं तापतो, कुजकट वास धरतो आणि तो वास तेलात उतरतो. उन्हात तर अजिबात नको.

तेल काढणं :

हेक्टरी 12 ते 15 टन ओला पाला आणि 10 ते 12 किलो तेल हे नेहमी दिलं जाणारं उत्पन्न, ते चांगल्या व्यवस्थापनाचं आहे हे धरून चालावं. गुंठ्यावर आणलं तर सव्वाशे-दीडशे किलो पाला आणि 100 ते 120 ग्रॅम तेल. हा आकडा छोट्या शेतकऱ्यानं आधी डोक्यात बसवला पाहिजे, कारण शेतावरच्या नेहमीच्या 500 किलोच्या टाकीला एकदा भरायलाच चारेक गुंठ्यांचा ताजा माल लागतो, सुकवलेला असेल तर त्याहून जास्त. त्यामुळं दोन-तीन गुंठेवाल्यांनी एकत्र येऊन एकाच आठवड्यात कापणी बसवणं हाच शहाणपणाचा रस्ता दिसतो, प्रत्येकानं वेगळी भट्टी घालणं परवडणार नाही.

टाकी स्टेनलेस स्टीलची असावी, लोखंडानं रंग आणि वास दोन्ही बिघडतात. बॉयलरची वाफ खालनं जाळीतनं वर चढते, पाल्यातलं तेल घेऊन कंडेन्सरमधे जाते, तिथं गार होऊन पाणी आणि तेल भांड्यात उतरतं. माल भरताना कडेला पोकळी राहिली तर वाफ तिकडनंच पळते आणि मधला पाला तसाच राहतो, म्हणून सगळीकडं सारखा दाबून भरायचा. डिस्टिलेशन 8 ते 10 तास चालवावं लागतं आणि घाई इथंच महाग पडते, कारण लिनालूलसारखे हलके घटक लवकर येतात पण दवण्याचा खरा दवणापणा ज्यात आहे ते जड सेस्क्विटर्पीन घटक सावकाश, शेवटच्या तासांत येतात. चार तासांत बंद केलेल्या भट्टीचं तेल प्रमाणानं कमी तर असतंच, वासानंही अपुरं असतं. दुसरी अडचण म्हणजे या तेलाची घनता पाण्याच्या जरा खाली, जवळजवळ लागूनच, त्यामुळं ते पटकन तरंगून वेगळं होत नाही. भांड्यात निवांत राहू द्यावं लागतं, आणि खाली गेलेलं पाणी फेकून न देता परत टाकीत फिरवलं तर त्यात राहिलेलं तेलही हाती लागतं. शेवटी तेल पाण्यापासनं पूर्ण मोकळं करून, काठोकाठ भरलेल्या ॲल्युमिनियम किंवा गडद काचेच्या बाटलीत अंधारात ठेवतात.

तेल तपकिरी, दाटसर, वास गोड, पिकलेल्या फळासारखा. मुख्य घटक दव्हॅनोन, त्याची रचना 1968 साली डच रसायनशास्त्रज्ञ सिप्मा आणि व्हान डर वाल यांनी प्रसिद्ध केली. त्याशिवाय दव्हाना ईथर, बायसायक्लोजर्माक्रीन, लिनालूल, सिनॅमिक आम्लाची एस्टर वगैरे, प्रमाण वाण आणि काढणीच्या वेळेप्रमाणं बदलतं. उंची अत्तरं, केक-पेस्ट्री, पेयं आणि तंबाखूचा स्वाद यात वापर होतो. निपाणीचा तंबाखू जवळ आहे म्हणून तिथं गिऱ्हाईक मिळेल असं कुणी कुणी बोलतं, पण निपाणीचा माल बिडीचा आणि दवण्याच्या तेलाचा वापर वेगळ्या महागड्या मिश्रणांत, त्या भरवशावर लागवड करू नये. कर्नाटकात तेलाचा दवणा मुख्यतः बंगळूर-कोलारकडं, खरेदीदारही तिकडंच, म्हणून आधी गिऱ्हाईक ठरवूनच बी टाकावं. लागवडीची माहिती हवी तर लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेचं बंगळूरचं केंद्र यावर काम करतं, जवळचं म्हटलं तर अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालय आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ.

लॅव्हेंडर का नाही :

जम्मूकडच्या डोडा जिल्ह्यातली, भद्रवाहची जांभळी शेतं बघून इथंही लॅव्हेंडर लावायची इच्छा होते, त्यात गैर काही नाही. पण ते बहुवर्षायू झुडूप, त्याला थंड कोरडी हवा आणि चुनखडीची निचऱ्याची जमीन लागते. बेळगावच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात त्याची मुळं कुजतात, कुंडीत छपराखाली चारदोन झाडं जगतील, शेत उभं राहणार नाही. दवणा पाऊस संपल्यावर येतो आणि पुढच्या पावसाआधी निघून जातो, छोट्या फुलप्लॉटवर तेल काढायचंच असेल तर इथं हेच झाड योग्य.

औषधी उपयोग :

जंत, पोटाचे विकार वगैरेंसाठी परंपरेनं वापर सांगितलाय. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दवण्याच्या अर्कानं मधुमेही उंदरांच्या रक्तातली साखर उतरल्याचं आलं होतं, पण ते उंदरांवरचं काम आहे, त्यावरनं माणसानं गोळ्या बंद करून दवणा खाऊ नये. तेल तर पोटात घेऊच नये.

बी :

बी जास्त दिवस टिकत नाही, एक हंगाम उलटला की उगवण एकदम पडते, त्यामुळं दर वर्षी ताजं बी धरावं लागतं. कापणीच्या वेळी प्लॉटच्या एका कोपऱ्यातली निरोगी, भरगच्च फुलांची झाडं बाजूला ठेवायची, ती मार्च-एप्रिलमधे पिवळी पडली की सकाळी कापून कापडावर झोडपायची, आणि बी चाळून, नीट सुकवून हवाबंद डब्यात ऑक्टोबरपर्यंत कोरड्या जागी ठेवायचं. वळवाचा पाऊस त्याआधी आला तर झाडावरचं बी खराब होतं, म्हणून बियाण्याची झाडं शेतात उशिरापर्यंत उभी ठेवू नयेत.