भास कोणता आणि भविष्य कोणते: 'सिक्स फीट अंडर'चे अखेरचे पर्व

'सिक्स फीट अंडर' ही एचबीओची मालिका जून 2001 मध्ये सुरू झाली आणि 21 ऑगस्ट 2005 रोजी, पाचव्या पर्वाच्या बाराव्या भागाने, 63 भाग पूर्ण करून संपली. लॉस एंजेलिसमधल्या ज्या घरात फिशर कुटुंब राहते, त्याच घराच्या तळघरात ते लोकांची प्रेते अंत्यदर्शनासाठी तयार करते आणि त्याच घराच्या दिवाणखान्यात शोकसभा भरवते. आई रूथ, थोरला मुलगा नेट, धाकटा डेव्हिड, शेंडेफळ क्लेअर आणि पहिल्याच भागात, 2000 च्या नाताळच्या आदल्या दिवशी, शववाहिका चालवताना बसच्या धडकेने गेलेले वडील नेथॅनियल, असे हे घर आहे. ही मालिका ज्यांनी पाहिली नाही आणि पुढे पाहण्याचा विचार आहे, त्यांनी हा लेख नंतर वाचावा, कारण शेवट सांगितल्याशिवाय पुढचे काहीच सांगता येणार नाही.

अखेरच्या पर्वात दोन प्रकारची दृश्ये येतात आणि त्यांची गल्लत फार सहज होते. एका प्रकारात मेलेली माणसे जिवंत माणसांशी बोलतात. दुसऱ्या प्रकारात आज जिवंत असलेल्या माणसांची पुढची मरणे दिसतात. दोन्ही दृश्ये 'आता, इथे' घडत नसतात, दोन्हींत मृत्यू असतो, आणि शेवटच्या भागात तर दोन्ही एकमेकांना खेटून येतात. त्यामुळे कोणी पहिल्या प्रकाराला भुताचा वावर समजतो, तर कोणी दुसऱ्या प्रकाराला क्लेअरची कल्पना ठरवून मोकळा होतो. माझ्या मते या दोन्ही वाचनांत चूक आहे आणि ती उलटसुलट झालेली चूक आहे: जे केवळ मनातले आहे ते आपण खरे धरतो आणि जे मालिकेने खरे म्हणून सांगितले आहे ते मनातले समजतो.

पहिल्या प्रकाराला आपण भास म्हणू. तळघरातल्या टेबलावर चादरीखाली असलेले प्रेत उठून बसते आणि डेव्हिडला त्याच्या वागण्याबद्दल चार शब्द सुनावते, वडील सिगारेट ओढत मुलाशेजारी उभे राहतात, हे पहिल्या पर्वापासून चालत आले आहे. या दृश्यांत प्रकाश बदलत नाही, आवाज घुमत नाही, धूर येत नाही. माणूस खोलीत असावा तसा असतो आणि कॅमेरा वळून परत आला की नसतो. शेजारी बसलेल्याला काही ऐकू आलेले नसते. ही भुते नव्हेत, पात्रांचे स्वतःशी चाललेले बोलणे दिसावे म्हणून योजलेली ही युक्ती आहे, असे मालिकेचे निर्माते ॲलन बॉल यांनीही सांगितले आहे. पण निर्मात्याची साक्ष बाजूला ठेवली तरी शेवटचे पर्व स्वतःच पुरेसा पुरावा देते.

त्यातला सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे मेल्यानंतरचा नेट. नवव्या भागात, म्हणजे शेवटाच्या तीन भाग आधी, नेट रुग्णालयात मरण पावतो. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या जन्मजात गुंत्याचे निदान त्याला पहिल्या पर्वातच झाले होते, एक शस्त्रक्रियाही होऊन गेली होती, आणि तरीही तो गेल्यावर घर सुन्न होते. त्यानंतर तो बायको ब्रेंडाला दिसतो तेव्हा कडवट असतो; अवेळी जन्मलेल्या मुलीवर प्रेम करणे तुला जमणार नाही, असे तिला टोचत राहतो. क्लेअरला दिसतो तेव्हा मात्र तोच नेट हळवा आणि धीर देणारा असतो. घर सोडून जा, असे तिला सांगतो. एकच आत्मा परत येत असता तर तो दोघींशी इतका वेगळा का वागला असता? ब्रेंडाशी नेटचे जे शेवटचे बोलणे झाले ते रुग्णालयातल्या खाटेवर झाले, आणि त्यात त्याने गरोदर बायकोला आपला संसार संपल्याचे सांगितले. त्यावर तिला उत्तर देता आले नाही, भांडता आले नाही, समेटही करता आला नाही. तिच्याजवळ नेटचा तोच आवाज उरला, म्हणून तिला तोच आवाज ऐकू येतो. क्लेअरजवळ दुसरा नेट उरला होता.

ही गल्लत इथे महागात पडते. दृश्यातला नेट खरा मानला तर मेल्यावरही बायकोला छळणारा माणूस म्हणून आपण त्याच्यावर एक आरोप ठेवतो, जो त्याने केलेलाच नाही, आणि ब्रेंडाची स्वतःशी चाललेली झुंज आपल्याला दिसतच नाही. पुढे तिला नेट आणि नेथॅनियल बाळाला घेऊन प्रेमाने बोलताना दिसतात. तिथे नेटचे मन बदललेले नाही, ब्रेंडाचे बदलले आहे. पर्वाच्या पहिल्याच भागापासून तिच्याभोवती घोटाळणारी नेटची आधीची मृत बायको लिसा हिच्याबद्दलही हेच म्हणता येईल. लिसा जे घालूनपाडून बोलते ते सगळे ब्रेंडाच्या भीतीचेच शब्द आहेत.

आपल्याकडच्या प्रेक्षकाची इथे फसगत होणे अगदी स्वाभाविक आहे. पिंडाला कावळा शिवला नाही की गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असे म्हणत आपण वाढलो, त्यामुळे पडद्यावर मेलेला माणूस दिसला की त्याचे काय राहिले असेल, हाच प्रश्न आधी मनात येतो. या मालिकेत प्रश्न उलटा विचारावा लागतो: ज्याला तो दिसतो आहे त्याचे काय राहिले आहे? मराठीत 'भूत' या शब्दाला पिशाच्च आणि गतकाळ असे दोन्ही अर्थ आहेत. फिशरांच्या घरात वावरणाऱ्या मृतांना भूत म्हणायचेच असेल तर फक्त दुसऱ्या अर्थाने म्हणता येईल.

भासाला मृत माणूसच लागतो असेही नाही. चौथ्या पर्वात एका अनोळखी माणसाने डेव्हिडला ओलीस धरून अमानुष छळले होते. नेट गेल्यानंतर ती दहशत पुन्हा डोके वर काढते आणि लाल टोपडे ओढलेली एक आकृती त्याच्या मागे लागते. शेवटच्या भागात तो तिच्याशी झटापट करतो, टोपडे मागे ओढतो, तर आत त्याचा स्वतःचाच चेहरा असतो. पाच वर्षे जी गोष्ट सूचकपणे चालली होती ती इथे मालिकेने इतकी उघड केली आहे की त्यानंतर भुतांचा वाद उरू नये.

दुसरा प्रकार म्हणजे भविष्य. क्लेअर लॉस एंजेलिसचे घर सोडून न्यूयॉर्कला निघते. ठरलेली नोकरी आधीच हातची गेली आहे, तरी ती निघते. पायऱ्यांवर उभ्या असलेल्या घरच्यांचा फोटो घेताना तिच्या पाठीशी नेट येतो आणि याचा फोटो निघत नसतो, हे तर केव्हाच निघून गेले, अशा अर्थाचे काही कानाशी बोलतो. ती गाडीत बसते. बाजूच्या आरशात नेट गाडीमागे धावताना दिसतो, गाडी वेग घेते तसा लहान होत जातो आणि मागे पडतो. वर्तमानातला हा शेवटचा भास आहे. त्यानंतर लगेच, सिया या गायिकेच्या गाण्यावर, साधारण सहा मिनिटांचा तो प्रसिद्ध क्रम सुरू होतो, ज्यात एकेका मुख्य पात्राचे उरलेले आयुष्य आणि मरण दिसते. रूथ 2025 मध्ये रुग्णालयात मरण पावते. डेव्हिडचा जोडीदार कीथ 2029 मध्ये पैशांच्या चिलखती गाडीवरच्या दरोड्यात गोळ्या लागून मरतो. डेव्हिड 2044 मध्ये, भागीदार रिको 2049 मध्ये जहाजावर, ब्रेंडा 2051 मध्ये भावाची अखंड बडबड ऐकता ऐकता, आणि क्लेअर 2085 मध्ये, शंभरी ओलांडून, भिंतभर फोटो लावलेल्या खोलीत.

आरशातला नेट आणि हा क्रम यांच्यात काही क्षणांचेच अंतर आहे, गाडी तीच आहे आणि मधूनमधून क्लेअरचा चेहरा दिसत राहतो. म्हणून हा सगळा तिच्या मनातला खेळ आहे असे वाटते, आणि या मताला थोडा आधारही आहे. पण मालिकेची एक जुनी खूण इथे आडवी येते. जवळजवळ प्रत्येक भागाची सुरुवात कोणाच्या तरी मरणाने होते, पडदा पांढरा होतो आणि त्यावर नाव, जन्मसाल, मृत्युसाल उमटते. ही पाटी मालिकेची स्वतःची आहे, कोणा पात्राची नाही. टेबलावरून उठून बोलणाऱ्या प्रेताला पाटी नसते, लाल टोपड्याला नसते, आरशातल्या नेटला नसते. शेवटच्या क्रमातल्या सहाही मरणांना ती आहे.

आक्षेप घेणारा तिसऱ्या पर्वाकडे बोट दाखवील, आणि ते योग्यच आहे. त्या पर्वाच्या आरंभी, शस्त्रक्रिया चालू असताना, नेटच्या नावाची पाटी 1965–2002 अशी पडद्यावर आली होती आणि ती खोटी ठरली. म्हणजे पाटीनेही एकदा चकवले आहे. मात्र त्या भागाने आपला चकवा त्याच भागात उलगडून दाखवला. नेट जिवंत आहे हे कळायला प्रेक्षकाला पुढच्या पर्वापर्यंत थांबावे लागले नाही. शेवटच्या क्रमातली एकही पाटी मालिका परत घेत नाही. उलट, मालिका संपल्यावर एचबीओने आपल्या संकेतस्थळावर या पात्रांचे मृत्युलेख प्रसिद्ध केले.

मला सर्वांत पटणारा पुरावा त्या क्रमाच्या आतच आहे आणि तो सहज नजरेतून सुटतो. रूथ मरणशय्येवर आहे, मुले उशाशी आहेत, आणि तिला पलीकडे नेट आणि नवरा उभे दिसतात. डेव्हिड म्हातारपणी सहलीला आला आहे, खाता खाता त्याची नजर वर जाते आणि समोर तरुण कीथ चेंडू खेळताना दिसतो. पुढच्या क्षणी तो कोसळतो. ही दोन्ही दृश्ये भास आहेत, पूर्वीच्याच रीतीचे: ज्याचे मन त्यालाच दिसते, बाकीच्यांना नाही. नेटच्या अखेरच्या वेळी रूथ शहराबाहेर होती, तिच्याशी संपर्कच झाला नव्हता, हे लक्षात ठेवले तर वीस वर्षांनी तिला तो का दिसावा हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणजे भविष्याच्या पोटात भास आहे, आणि तिथेही मालिका दोहोंची सरमिसळ होऊ देत नाही. सगळा क्रम क्लेअरची कल्पना मानला तर डेव्हिडला दिसलेला कीथ नक्की कोणाच्या मनातला, याचे सरळ उत्तर देता येत नाही.

भविष्यात मरणांखेरीज लग्नेही आहेत. डेव्हिड आणि कीथ यांचे लग्न ऑगस्ट 2005 मध्ये दाखवले गेले तेव्हा कॅलिफोर्नियात दोन पुरुषांना कायद्याने लग्न करता येत नव्हते. 2008 मध्ये तो हक्क मिळाला, त्याच वर्षाच्या अखेरीस सार्वमताने काढून घेतला गेला आणि 2013 मध्ये पुन्हा लागू झाला. स्वप्नरंजन म्हणून पाहणाऱ्याला ते दृश्य गोड वाटले असेल. मालिकेने मात्र ते घडणार असलेली गोष्ट म्हणून, दोन मृत्युसालांच्या शेजारी, तितक्याच गांभीर्याने मांडले होते.

एक जागा मात्र या विभागणीत बसत नाही, आणि ती मी ओढूनताणून बसवणार नाही. नेटच्या उशाशी रात्र काढणाऱ्या डेव्हिडचा डोळा लागतो. स्वप्नात समुद्र आहे, वडील आहेत, आणि नेट आनंदाने धावत पाण्यात शिरतो. डेव्हिड जागा होतो तेव्हा खाटेजवळच्या यंत्रावर सरळ रेघ असते. हा भास असेल तर डेव्हिडच्या मनाला जे अजून कळलेले नव्हते ते त्याला आधी कळले असे म्हणावे लागेल. झोपेतही भावाचा श्वास ऐकणाऱ्या कानांनी ते टिपले असावे, असे मला वाटते. दुसऱ्या कोणाला ते स्वप्न नेटचे आणि डेव्हिडचे मिळून वाटेल, आणि त्याला खोडून काढण्याजोगे त्या दृश्यात काही नाही.

शेवटचा भाग मरणाने सुरू होत नाही. तिथे जन्म आहे: नेट आणि ब्रेंडाची मुलगी विला, आणि पांढऱ्या पडद्यावर तिच्या नावापुढे 2005 हे एकच साल. त्याच भागाच्या टोकाला 2085 मधल्या क्लेअरचे सायीसारखे पांढुरके झालेले डोळे अगदी जवळून दिसतात, तिची पाटी येते, आणि लगेच रस्त्यावर नजर लावलेले तरुण क्लेअरचे स्वच्छ डोळे. गाडी लांब सरळ रस्त्याने दूर जाते, पडदा पुन्हा एकदा पांढरा होतो, आणि या वेळी त्यावर कोणाचेही नाव उमटत नाही.